केमन एस ट्रॅकवर नेताय? पॉवरचं नंतर बघा, ऑइलचं आधी

प्रश्न न्यू जर्सीहून आला आहे. गाडी २००७ ची पोर्शे केमन एस, ३.४ लिटरचं इंजिन, सहा गिअरची मॅन्युअल, ८८ हजार मैल झालेली. या हंगामात सात-आठ ट्रॅक डे करायचे आहेत. निम्मे वॉटकिन्स ग्लेनला, उरलेले मिलव्हिलच्या न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्कला. गेली दोन वर्षं रस्त्याच्या टायरवर काढली, काही त्रास झाला नाही. आता सेमी-स्लिक, म्हणजे ट्रॅकसाठीचे जास्त पकडीचे टायर, घ्यायचा विचार आहे. विचारणा अशी की इंजिन टिकवायचं तर नेमकं काय करावं आणि कशाच्या आधी काय.

हे इंजिन मुळात नाजूक नाही. ३३८७ सीसी, ९६ मिमी बोअर, ७८ मिमी स्ट्रोक, २९५ हॉर्सपॉवर. ७,२०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १८.७ मीटर भरतो आणि स्पोर्ट्स इंजिनाला तो जड नाही. म्हणजे रेडलाइनपर्यंत ओढलं म्हणून ते बिघडत नाही. ऑइल ज्या क्षणी जिथे हवं तिथे नसतं, किंवा असलं तरी तापून पातळ आणि फेसाळ झालेलं असतं, तेव्हा ते बिघडतं. म्हणून एक्झॉस्ट, इनटेक, ईसीयू (इंजिनाचा संगणक) ट्यून हे सगळं बाजूला ठेवा. पहिला पैसा ऑइल मोजण्यावर, दुसरा ऑइल जागेवर ठेवण्यावर, तिसरा थंडाव्यावर.

पोर्शे या इंजिनाच्या वंगणव्यवस्थेला ‘इंटिग्रेटेड ड्राय संप’ म्हणते आणि ते वाचून बरेच जण निर्धास्त राहतात. खऱ्या ड्राय संपमध्ये असते तशी ऑइलची वेगळी टाकी त्याच काळातल्या जीटी-३ ला होती, इथे ती नाही. ऑइल क्रँकच्या खालीच, संप म्हणतात त्या तळाच्या भांड्यात असतं. हेडमध्ये गेलेलं ऑइल परत खाली आणायला प्रत्येक हेडला एक स्कॅव्हेंज पंप आहे, पण तो हेडच्या एकाच टोकाला. आता वॉटकिन्स ग्लेनचं चित्र डोळ्यांपुढे आणा. बस स्टॉपची शिकेन सोडली की लगेच आउटर लूप लागतो, लांबच लांब उजवं वळण, आणि त्यात थ्रॉटल दाबलेला. ऑइल डावीकडे फेकलं जातं आणि डाव्या हेडमध्ये साचतं. ते खाली यायच्या आधीच मुख्य पंप संपातलं उरलेलं उपसून टाकतो. पिकअपचं, म्हणजे पंपाच्या शोषनळीचं, तोंड क्षणभर उघडं पडतं आणि पंप हवा ओढतो. ६,००० आरपीएमला क्रँक सेकंदाला १०० वेळा फिरतो. दाब अर्धा सेकंद पडला तर कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगने पन्नास फेऱ्या जवळजवळ कोरड्या काढल्या.

यातली वाईट गोष्ट अशी की त्या पन्नास फेऱ्यांनी लगेच काहीच होत नाही. आवाज येत नाही, दिवा लागत नाही. बेअरिंगचा वरचा थर थोडा पुसला जातो, पुढच्या लॅपला आणखी थोडा. बेअरिंग तिसऱ्या हंगामात जातं आणि दोष त्या दिवशीच्या उन्हाला दिला जातो. ‘दोन वर्षं काही झालं नाही’ याचा अर्थ झीज झाली नाही असा घेऊ नका.

सेमी-स्लिकचा मुद्दा इथेच येतो. चांगल्या रस्त्याच्या टायरवर ही गाडी वळणात साधारण १ ते १.१ जी (गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेला आडवा जोर) धरते. चांगले सेमी-स्लिक तापले की १.२ च्या पुढे जाते, आणि बँकिंग असेल तिथे आणखी. हा फरक ऑइलसाठी फार मोठा आहे. माझं स्पष्ट मत: संपाचं काम होईपर्यंत ते टायर विकत घेऊ नका. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर असलं इंजिन नेणाऱ्यालाही हेच लागू. तिथलं दहाव्या टर्नपासूनचं लांब उजवं वळण अगदी याच जातीचं आहे आणि वर उन्हाळ्याची हवा.

आधी मोजा. केमनच्या डॅशबोर्डवर ऑइलच्या दाबाचा काटा नाही, तापमानाचाही नाही. दाबासाठी फक्त लाल दिवा आहे. तो इतक्या कमी दाबाला लागतो की ट्रॅकवर तो दिसेपर्यंत व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं. कुलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, काटा आहे, पण तो मुद्दाम मंद ठेवलेला. खरं तापमान बरंच वरखाली झालं तरी जागचा हलत नाही. तेव्हा ऑइलच्या दाबाचा आणि तापमानाचा असे दोन सेन्सर बसवा आणि ते लॉगरला जोडा. नुसता गेज पुरत नाही, कारण आउटर लूपमध्ये गेजकडे बघायला कुणाला सवड नसते. सेकंदाला किमान दहा नोंदी घेणारा लॉगर हवा, सोबत आडव्या जीची आणि आरपीएमची रेघ. कुलंटचं खरं तापमान ओबीडी, म्हणजे गाडीच्या निदानाच्या, पोर्टवरून घेता येतं.

संध्याकाळी आलेख उघडलात की दाबाचा एकेक आकडा बघत बसू नका, रेघेचा आकार बघा. ढोबळ हिशेब असा की गरम ऑइलवर दर १,००० आरपीएममागे १० पीएसआय, म्हणजे ६,००० ला ६० च्या आसपास. पण आरपीएम वाढताहेत, जी टिकून आहे आणि त्याच वेळी दाबाच्या रेघेला १५-२० पीएसआयचा खड्डा पडतोय, असं दिसलं तर ती ऑइलची उपासमार आहे. सरासरी दाब कितीही छान असो. असा खड्डा प्रत्येक लॅपला त्याच वळणात दिसतो, हीच त्याची ओळख. सरळ रस्त्यावरही दाब हळूहळू उतरत असेल तर तो तापमानाचा किंवा ऑइल पातळ झाल्याचा परिणाम, आणि त्यावरचा उपाय वेगळा.

आता संप. या इंजिनासाठी सुमारे दोन क्वार्ट, म्हणजे १.९ लिटरच्या आसपास जास्तीचं ऑइल मावणारे खोल संप मिळतात. पिकअपची नळी त्या मानाने लांब केलेली असते आणि आत बॅफलचे कप्पे असतात. कप्प्यांची दारं एकाच बाजूने उघडतात: ऑइल पिकअपकडे येऊ देतात, बाहेर पळू देत नाहीत. जास्तीचं ऑइल म्हणजे हेडमध्ये दीड-दोन लिटर अडकलं तरी खाली शिल्लक राहतं, शिवाय तापायलाही वेळ लागतो. नुसतं बॅफल बसवून संप तसाच ठेवणं हा अर्धा उपाय आहे. रस्त्याच्या टायरवर चालेल, सेमी-स्लिकवर नाही. खोल संपाने गाडीच्या पोटाखालची जागा मात्र कमी होते. गाडी आधीच खाली केलेली असेल तर ट्रेलरवर चढवताना आणि कर्बवर चाक घालताना ते लक्षात ठेवा.

बसवताना चूक होते ती सीलंटची. जुना सीलंट धातूच्या नव्हे, प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा; अॅल्युमिनियमवर ओरखडा उठला की तिथूनच गळती. दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने कोरडे करा. सीलंटची धार जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची ठेवा आणि बोल्टच्या भोकांच्या आतल्या अंगाने फिरवा. ‘थोडा जास्त लावला तर बरं’ हा विचार इथे घातक आहे, कारण आतल्या बाजूला दबून आलेला सीलंट सुटतो आणि पिकअपच्या जाळीवर जाऊन बसतो. मग ज्या उपासमारीसाठी एवढं केलं तीच आपण हाताने आणलेली असते. एम-६ बोल्ट आहेत, १० न्यूटन-मीटर, मध्यापासून बाहेर आलटून-पालटून. ऑइल घालायच्या आधी रात्रभर, शक्य तर २४ तास सुकू द्या.

संप उघडला आहे तर एक काम सोडू नका: खालून बोअरस्कोप घालून सिलिंडरच्या भिंती बघा. ३.४ लिटरच्या या इंजिनात बोअर स्कोअरिंग, म्हणजे भिंतीवर उभे ओरखडे पडणं, हा माहीत असलेला आजार आहे आणि तो ४ ते ६ नंबरच्या बाजूला आधी दिसतो. स्पार्क प्लगच्या भोकातून वरचा भाग दिसतो. ओरखडे मात्र बहुतेक खालच्या भागात असतात, ते खालूनच नीट कळतात. क्रँक हाताने फिरवून एकेक पिस्टन वर न्या आणि बघा. एकाच बाजूच्या एक्झॉस्टमध्ये जास्त काजळी, ऑइलचा वाढता खप, गरम झाल्यावर एका बाजूने टकटक, ही बाहेरून दिसणारी लक्षणं. ओरखडे सापडले तर सगळा बेत बदलतो. त्या इंजिनावर ट्रॅकचा खर्च करू नका, तो पैसा इंजिन पुन्हा बांधण्यासाठी ठेवा.

पूर्ण स्लिकपर्यंत (बिनखाचांचे रेसिंग टायर) जायचं असेल तर खोल संपासोबत अॅक्युसंप लागेल. दाबाखाली दोन-तीन क्वार्ट ऑइल धरून ठेवणारं ते नळकांडं दाब पडला की आपलं ऑइल इंजिनात सोडतं. सेमी-स्लिकवर, चांगल्या संपासह, लॉगमध्ये खड्डे दिसत नसतील तर त्याची घाई नाही.

ऑइलची पातळी समपातळीवर, गरम इंजिनावर, गाडी थोडा वेळ उभी ठेवून तपासा. वरच्या खुणेपर्यंत, पण तिच्या पलीकडे नाही. ट्रॅकसाठी अर्धा लिटर जास्त घालण्याचा सल्ला सर्रास मिळतो. या इंजिनात तो सरळ एअर-ऑइल सेपरेटरवर जातो. क्रँककेसमधली वाफ आणि ऑइल वेगळं करणारं हे प्लॅस्टिकचं डबडं आहे. पातळी जास्त झाली, त्यात लांब वळण आलं, की ऑइल त्यातून थेट इनटेकमध्ये जातं आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट उठतो. नुसता लोट उठला तर नशीबच समजा, कारण पुरेसं ऑइल एखाद्या सिलिंडरमध्ये शिरलं तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तपासणी सोपी आहे. गरम इंजिन आयडलला असताना ऑइल भरायचं झाकण उघडून बघा. किंचित ओढ जाणवणं ठीक. झाकण आत ओढून धरल्यासारखं वाटलं, सुटताना शिट्टी वाजली आणि इंजिन अडखळायला लागलं तर आतला पडदा फाटला आहे. ८८ हजार मैलांवर मूळचाच सेपरेटर असेल तर तो तसाच बदलून टाका, आणि बदलताय तर पोर्शेचा मोटरस्पोर्टचा मोठा घ्या.

कोणतं ऑइल? पोर्शेची ए-४० मान्यता असलेलं ०डब्ल्यू-४० रस्त्यावर छान आहे. ट्रॅकवर मात्र आकड्यापेक्षा एचटीएचएस बघा, म्हणजे १५० अंशांना ताणाखाली ऑइल किती जाड राहतं ते. ए-४० ला ३.५ पुरतं, ट्रॅकवर ४ च्या वर असावं. हीच गाडी रस्त्यावरही चालवत असाल तर ४ च्या वर एचटीएचएस असलेलं ५डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-५० घ्या. १५डब्ल्यू-५० फक्त एप्रिल ते ऑक्टोबर. जर्सीच्या जानेवारीत ते सकाळी मधासारखं वाहतं, आणि बोअर स्कोअरिंगला थंड सुरुवातच सगळ्यात वाईट. ट्रॅक डेला वीस-पंचवीस मिनिटांची चार सेशन धरली तर दिवसाला सुमारे दीड तास होतो. दर चार दिवसांनी, म्हणजे सहा तासांच्या ट्रॅकनंतर, ऑइल आणि फिल्टर बदला. ड्रेन प्लग ५० न्यूटन-मीटर, फिल्टरची वाटी २५. वाटी प्लॅस्टिकची आहे, जोर लावून आवळली तर पुढच्या वेळी तडकून हातात येते.

तापमानाची मर्यादा: ऑइल ११० ते १२० अंशांत चिंता नाही, १३० दिसले की तो लॅप हळू पूर्ण करायचा. इथे ऑइल पाण्यावर थंड होतं, इंजिनाच्या माथ्यावरच्या एक्सचेंजरमध्ये, त्यामुळे पाणी तापलं की ऑइलही तापणारच. आणि पाणी तापण्याचं सगळ्यात स्वस्त कारण पुढच्या बंपरमागे लपलेलं असतं. दोन्ही बाजूंना एसीचा कंडेन्सर आणि त्याच्यामागे रेडिएटर; मधल्या बोटभर फटीत वर्षानुवर्षांची सुकी पानं, टायरचे रबरी तुकडे, माती यांचा नुसता लगदा दाबून बसलेला असतो. जाळीतून टॉर्च मारून तो दिसत नाही, कंडेन्सर पुढून स्वच्छच दिसतो. बंपर काढा, कंडेन्सरचे स्क्रू सोडून तो पुढे झुकवा, हाताने कचरा काढा, मग मागून पुढे हलकं पाणी मारा. प्रेशर वॉशर नको, पत्रे वाकतात. हंगामाच्या आधी एकदा हे करायचंच. मधला तिसरा रेडिएटर नसेल तर पुढची पायरी तीच. ७१ अंशांना उघडणारा थर्मोस्टॅटही चांगला, पण त्याचं काम नीट समजून घ्या: तो सेशनची सुरुवात थंड करतो, कमी पडणारा रेडिएटर मोठा करत नाही.

पाण्याचा पंप चार-पाच वर्षांचा झाला असेल तर बदला. झिजलेल्या बेअरिंगने इम्पेलर डुलायला लागतो, प्लॅस्टिकची पाती तुटतात आणि तुकडे कुलंटच्या वाटांत जाऊन बसतात. धातूच्या इम्पेलरचा पंप मजबूत वाटतो खरा, पण त्याचं बेअरिंग सैल झालं तर पातं इंजिनाच्या केसिंगलाच घासतं. इथे मूळचा प्लॅस्टिकचा पंप वेळेवर बदलणं शहाणपणाचं. कुलंट भरताना व्हॅक्यूम फिलर वापरा. पुढच्या रेडिएटरपासून मागच्या इंजिनापर्यंत नळ्या इतक्या लांब आहेत की नुसतं ओतलं तर हेडमध्ये हवा अडकते.

एक दुवा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: पॉवर स्टीअरिंग. त्याचा पंप इंजिनाच्याच पट्ट्यावर आहे. ट्रॅकवर सतत चढ्या आरपीएमला तो द्रव उकळतो, टाकीच्या झाकणातून बाहेर येतो आणि पट्ट्यावर पडतो. पट्टा घसरतो किंवा उतरतो, आणि पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर आहे. म्हणजे स्टीअरिंगच्या द्रवाने इंजिन शिजतं. पंप हळू फिरवणारी मोठी पुली हा स्वस्त उपाय. हंगामाला एकदा द्रव बदला. पट्टा बघायला सीटमागचं आवरण काढावं लागतं, म्हणून तो वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. तुम्ही बघा.

रेव्ह लिमिटर फक्त वर जाताना वाचवतो. तिसऱ्यातून चौथा टाकायला जाऊन हात दुसऱ्यात पडला की चाकंच इंजिन फिरवतात, तिथे कुठलंही इलेक्ट्रॉनिक्स मधे येत नाही. यात दोष नेहमी हाताचाच असतो असं नाही. या गाडीत इंजिनाला पुढे एकच माउंट आहे. त्याचं रबर फाटलं की ब्रेकिंगमध्ये इंजिन-गिअरबॉक्सचा सगळा डोलारा हलतो आणि गिअरची जागा सरकल्यासारखी वाटते. गिअर टाकताना काठी अडखळत असेल तर आधी माउंट बघा. ईसीयूमधली ओव्हर-रेव्हची नोंदही एकदा वाचून घ्या, आधीच्या मालकाने काय केलं ते तिथे लिहिलेलं असतं.

आयएमएस बेअरिंग, म्हणजे इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग, तुटण्याची भीती तुमच्या इंजिनाला फारशी लागू नाही. २००६ नंतरचं मोठं बेअरिंग आहे, केस न उघडता बदलता येत नाही; पुढे क्लचसाठी गिअरबॉक्स उतरेल तेव्हा त्याचं बाहेरचं सील काढून टाका म्हणजे इंजिनाचं ऑइल त्याला मिळेल. तेवढं पुरे.

ट्रॅकवरच्या दिवशी पाणी गरम झालं म्हणून ऑइल झालं असं समजू नका. ते बरंच मागे असतं. ऑइल ८० अंशांवर येईपर्यंत ३,५०० च्या वर जाऊ नका. पेट्रोल पाव टाकीच्या खाली नको. शेवटचा लॅप वरच्या गिअरमध्ये, ३,५०० च्या आत, ब्रेक न लावता. उभ्या गाडीच्या आयडलपेक्षा तो एक लॅप जास्त थंड करतो.

आणि प्रत्येक ऑइल बदलाला फिल्टर उघडून बघा. कार्ट्रिज आहे, ब्लेडने कागद कापा, घड्या पिळून ऑइल काढा, पांढऱ्या कापडावर पसरून उन्हात धरा. चुंबकाला चिकटणारी बारीक काळी पूड थोडीफार असतेच. तपकिरी-काळे प्लॅस्टिकचे कण चेनच्या गाइडचे. एखाद-दुसरा दिसला तर नोंद ठेवा, वाढत गेले तर गाइड बदलायची वेळ आली. सोबत ऑइलचा नमुना लॅबला पाठवा, पण एका अहवालावरून निष्कर्ष काढू नका. तीन-चार अहवालांत शिसं, तांबं, लोह कुठे चाललंय ते बघा. संपाच्या कामानंतर सिलिकॉन वाढलेलं दिसेल, ते बहुधा नव्या सीलंटचं. मात्र घडीत चुंबकाला न चिकटणारी तांबूस किंवा रुपेरी चमक दिसली, बोटावर चोळल्यावर पापुद्र्यासारखी पसरली, तर ते बेअरिंग आहे. पुढच्या शनिवारचं बुकिंग रद्द करा आणि गाडी स्टार्ट न करता ट्रेलरवर घालून गॅरेजला न्या. क्रँक अजून शाबूत असेल तर इंजिन वाचण्याची संधी तिथेच आहे.